श्वास धरायचा नाही

परवीनताई शिकलगार एका धर्मादाय रुग्णालयात एक्स-रे काढतात आणि ड्युटीच्या आधी, सकाळी, कर्वेनगरमधल्या एका कॉलेजच्या तलावात माणसांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतात. पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. त्यामुळे इथं स्कूबा डायव्हिंग शिकवणारी बाई आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग फी विचारतात आणि मग हमखास विचारतात, "डायव्हिंग शिकल्याचं कार्ड किती दिवसांत मिळतं?"

या शेवटच्या प्रश्नाचं परवीनताईंचं उत्तर ठरलेलं आहे. "आलं की मिळतं."

त्यांचे यजमान नियाजभाई यांचं रविवार पेठेत चष्म्याचं दुकान आहे आणि मी तिथला जुना गिऱ्हाईक. घराणं मूळचं हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, वडिलांनी भिंगं घासायला घेतली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला तसतशी ही हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. थोडी नियाजभाईंकडून आणि बरीचशी ताईंकडून.

सुरुवात वाईट झाली होती. दोन हजार अकराची दिवाळीची सुट्टी. लेक अर्शिया तेव्हा शाळकरी, ती आजीकडे राहिली आणि नवरा-बायको लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच म्हणून कोकणात उतरले. किनाऱ्यावर एका होडीवाल्याचा मोठा फलक होता. समुद्राखालची दुनिया बघा, पोहता येत नसलं तरी चालेल. नियाजभाईंनाच हौस. परवीनताईंना पोहता येत होतं, नियाजभाईंना ते मुळीच येत नव्हतं. तरी तेच पुढे झाले.

शिकवणं होडीवरच उरकलं. नळी दातांत धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा, वर यावंसं वाटलं तर अंगठा वर करायचा. "बाकी आम्ही आहोतच," असं म्हणून पाठीवर टाक्या चढवल्या आणि एकेका माणसाबरोबर एकेक वाटाड्या देऊन दोघांना खाली नेलं. खोली फार नव्हती, दुमजली घराएवढी असेल. परवीनताईंना पिवळे मासे दिसले, खडक दिसला, आणि मग त्या सहज वळल्या तर नियाजभाई जागेवर नव्हते. वर पाहिलं तर त्यांचे पाय दिसले, वेड्यासारखे झाडत वर वर जाणारे.

झालं होतं असं, की दाढीमुळे नियाजभाईंचा मास्क गालाला नीट बसला नव्हता. त्यातून पाणी आत झिरपलं आणि नाकाशी आलं. पाणी नाकाशी आल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाटाड्याचा हात झिडकारला, तोंड घट्ट मिटलं, छातीत होता तो श्वास धरला आणि पृष्ठभागाकडे धाव घेतली.

होडीत बसल्यावर ते म्हणाले, "काही नाही, थोडं पाणी गेलं." पण उजवा हात छातीवरून निघेना. किनारा येईपर्यंत त्यांना एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथल्या तंत्रज्ञाने फिल्म उजेडावर धरली आणि परवीनताईंनी ती डॉक्टरांच्या आधी पाहिली. रोज डझनावारी छात्या बघणारी बाई. उजव्या बाजूला जिथं फुप्फुसाची जाळी दिसायला हवी तिथं नुसता काळा रंग होता, आणि फुप्फुस मुठीएवढं होऊन मध्याशी चिकटलं होतं. "अशा फिल्मा मी आयुष्यात पुष्कळ काढल्या," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण त्यांच्यावर कधी माझ्या घरातलं नाव नव्हतं."

डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घालून हवा बाहेर काढली. नियाजभाई वाचले. मग डॉक्टरांनी ताईंना बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. "पाण्याखाली हवा दाबलेली असते. तिथं छाती भरून घेतलेला श्वास वर येताना फुगत जातो. माणूस श्वास सोडत वर आला तर काहीच होत नाही. धरून आला तर जास्तीच्या हवेला जायला वाट नसते, मग ती फुप्फुस फाडून वाट काढते. श्वास धरायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम आहे. तुम्हाला सांगितला नाही का कुणी?"

कुणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो होडीवाला शहाळी घेऊन दवाखान्यात आला. माणूस वाईट नव्हता, त्याचे डोळे रडून सुजले होते. परवीनताईंनी त्याला एकच विचारलं, "श्वास धरू नका, एवढं एक वाक्य आम्हाला का सांगितलं नाही?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, सांगितलं की लोक घाबरतात. घाबरले की उतरत नाहीत."

या उत्तराचा परवीनताईंना संताप यायला हवा होता. आलाही. पण त्यापेक्षाही एक गोष्ट त्यांना जास्त लागली, ती म्हणजे आपणही काही विचारलं नव्हतं. रुग्णालयात नवी मशीन आली तर तिची माहिती पुरती कळेपर्यंत बटणाला बोट न लावणाऱ्या आपण, नवऱ्याच्या पाठीवर टाकी चढताना बघत उभ्या राहिलो होतो.

पुण्याला परतल्यावर सगळ्या नातेवाइकांनी समुद्राला शिव्या घातल्या. नियाजभाईंना डॉक्टरांनी जन्मभराची बंदी घातली होती, आता पुन्हा टाकी पाठीवर नाही. त्यांनी ती मुकाट्याने मान्य केली. पण एका संध्याकाळी चहा घेताना परवीनताई म्हणाल्या, "मी शिकणार आहे."

"काय?"

"तेच. पाण्याखाली जायचं. पण नीट शिकून."

नियाजभाईंनी कप खाली ठेवला. "माझ्या छातीत नळी घातलेली पाहिलीस ना तू?"

"पाहिली म्हणूनच. समुद्राने तुमचं काही केलं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं त्याने सांगितलं नाही. यातलं एक तरी मला दुरुस्त करता येईल."

नियाजभाई आठवडाभर तुटक बोलत होते. ताईंनी चौकशी चालूच ठेवली. शहरात एका ठिकाणी शनिवार-रविवारात सगळं उरकून कार्ड देत होते. तिथल्या टेबलामागच्या तरुणाला ताईंनी विचारलं, "मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, हे किती वेळ शिकवता?" तो म्हणाला, "मॅडम, ते एकदा करून दाखवतो ना आम्ही." ताई उठून बाहेर आल्या.

हवा तो माणूस शेवटी त्यांच्याच एक्स-रेच्या खोलीत चालत आला. सडपातळ, ताठ, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. ताईंनी त्यांना प्लेटसमोर उभं केलं, हनुवटी वर करायला लावली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका." फिल्म निघाली. "सोडा."

गृहस्थ शर्ट घालता घालता म्हणाले, "दिवसभर लोकांना श्वास धरायला सांगता? मी जन्मभर उलटं सांगत आलो."

परवीनताईंच्या हातातली फिल्मची कॅसेट तिथंच थांबली.

ते होते श्यामसुंदर खांबेटे. नौदलात पाणबुडे होते, निवृत्तीनंतर कर्वेनगरमध्ये राहायला आले आणि जवळच्या कॉलेजच्या तलावात मोजक्या लोकांना डायव्हिंग शिकवत होते. छातीची तपासणी दर वर्षी स्वतःहून करून घेत. ताईंनी तिथंच, पुढचा पेशंट बाहेर ताटकळत असताना, शिकवाल का म्हणून विचारलं.

"पोहता येतं?"

"येतं."

"म्हणजे पोहता येतं, की बुडत नाही?"

ताईंनी कॅसेट खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बुडत नाही."

"मग तिथून सुरू करू," खांबेटे सर म्हणाले.

आणि खरंच तिथून सुरू केलं. पहिले कित्येक आठवडे टाकीचं दर्शनसुद्धा नाही. नुसतं पोहणं, दमल्यावर न घाबरता पाठीवर तरंगणं, हातपाय न हलवता पाण्यावर पडून राहणं. ताईंबरोबर जी इतर चार माणसं होती त्यातली दोन या तरंगण्यालाच कंटाळून गेली. एकाने जाताना विचारलं, "सर, इथं डबक्यात काय करायचं? खडकवासल्याला का नेत नाही?" खांबेटे सर म्हणाले, "ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. तुम्ही त्यात पाय धुऊ नयेत म्हणून."

टाकी पाठीवर आली आणि ताईंची खरी परीक्षा सुरू झाली. तलावाच्या तळाशी गुडघे टेकून बसायचं, मास्क पूर्ण काढायचा, नाक-डोळे उघडे ठेवून नळीने शांतपणे श्वास घेत राहायचं, मग मास्क पुन्हा चढवून नाकाने हवा फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं. ऐकायला सोपं. ताईंनी मास्कची कड उचलली, गार पाणी नाकपुडीला लागलं आणि डोळ्यांपुढे ते वर जाणारे पाय आले. पुढच्या क्षणी त्या पृष्ठभागावर होत्या, कठडा घट्ट धरून खोकत. तोंडातली नळी कधी सुटली हे त्यांना कळलंच नव्हतं.

खांबेटे सर शेजारी वर आले. रागावले नाहीत, धीरही दिला नाही. "श्वास सोडलात का वर येताना?" त्यांनी विचारलं.

ताईंना आठवेना.

"मग आज खोल पाणी बंद."

पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. मागून आलेल्या एका कॉलेजकुमाराने हे सगळं पहिल्या झटक्यात केलं, आणि ताई कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल तोंडावर दाबून बसून राहिल्या. त्या सकाळी त्यांनी सरांना विचारलं, "सर, मला हे एवढं सोडून बाकीचं येतं. मास्क पूर्ण निघणं असं कितीदा घडतं? एवढं चालवून घ्या ना."

"घेतो की," सर म्हणाले. "तुम्ही मला समुद्राकडून लिहून आणा, की तो तुमचा मास्क काढणार नाही."

ताई मला म्हणाल्या, "त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, की घरी जाईपर्यंत रडू आलं नाही."

पण सर नुसते टोचून बोलणारे नव्हते. दुसऱ्या सकाळी त्यांनी ताईंना कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. टाकी नाही, काही नाही, नुसती श्वासाची आखूड नळी तोंडात. चेहरा पाण्यात घालायचा, नाक उघडं ठेवायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. "नाकाला पाणी लागणं आणि नाकात पाणी जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या डोक्याला हे माहीत आहे. नाकाला अजून माहीत नाही. नाकाला शिकवा."

मग ताईंनी घरीच शिकवणी सुरू केली. न्हाणीघरात मोठं घमेलं भरून ठेवायचं, तोंडात नळी धरायची आणि चेहरा पाण्यात. पहिल्या संध्याकाळी नियाजभाई दाराशी आले, कमरेवर हात ठेवून पाहत राहिले आणि म्हणाले, "बादलीत जीव द्यायला एवढं सामान लागत नाही."

ताईंनी चेहरा पुन्हा पाण्यात घातला. थोड्या वेळाने डोकं वर काढलं तर नियाजभाई दाराशी पाटावर बसले होते.

"काय करतेयस नेमकं?"

ताईंनी सांगितलं. नाकाला पाणी लागल्यावर काय होतं, तोंडाने श्वास कसा चालू ठेवायचा, नाकाने फुंकलं की पाणी कसं बाहेर जातं. नियाजभाई ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच."

मग नियाजभाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "घाल चेहरा. मी वेळ बघतो."

त्या दिवसापासून ते रोज पाटावर बसू लागले. घमेल्याकडून कमरेएवढं पाणी, तिथून गळ्याएवढं, तिथून तलावाचा तळ. एका सकाळी ताईंनी तळाशी मास्क काढला, डोळे उघडे ठेवून सरांच्या धूसर आकृतीकडे पाहिलं आणि श्वास घेत राहिल्या. सरांनी त्यांना तसंच बसवून ठेवलं. मग खूण केली, माझा हात धरा. मास्कशिवायच त्यांना तळावरून तलावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि परत आणलं. वर आल्यावर सर म्हणाले, "आता उद्या पुन्हा."

"जमलं ना, सर?"

"एकदा जमतं ते नशीब. उद्या बघू."

पावसाळा गेला, थंडी आली. हवेचा काटा बघायची सवय, जोडीदाराचं सामान तपासायची सवय, एकाची हवा संपली तर आपली त्याला द्यायची सवय, वर येताना आपल्या बारीकातल्या बारीक बुडबुड्याच्याही मागे राहायची, म्हणजे तितकं सावकाश यायची सवय, सगळं इतक्या वेळा झालं की हात आपोआप चालू लागले. पहिल्यांदा समुद्रावर नेलं तेव्हा खांबेटे सरांनी पाण्याची ओढ पाहिली आणि सगळ्यांना होडीतूनच परत फिरवलं. एवढा प्रवास करून आलेली मंडळी चिडली. सर म्हणाले, "परत फिरणं हाही धडाच आहे. याचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत." ताईंना कार्ड मिळालं त्यानंतरच्या फेरीला. पुढे आणखी वरचे अभ्यासक्रम झाले आणि दोनेक वर्षांत त्या सरांना तलावात शिकवायला मदत करू लागल्या.

नियाजभाईंनीही आपला वाटा उचलला. चष्मा असलेल्या विद्यार्थ्यांना पाण्याखाली धूसर दिसतं, म्हणून ते नंबरची भिंगं घासून मास्कच्या काचेला आतून चिकटवून देऊ लागले. आणि दाढीवाला कुणी आला की स्वतः समोर बसून त्याचा मास्क नीट बसतो की नाही ते पाहू लागले. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

ताईंच्या हातांची खरी परीक्षा झाली ती कर्नाटकच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटाशी. सरांच्या विद्यार्थ्यांना घेऊन ताई खाली होत्या. शेजारी दुसऱ्याच कुठल्या तरी मंडळींचा गट फिरत होता, पांगलेला, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. अचानक त्यातला एक उंच तरुण ताईंच्या अंगावर झेपावला. डोळे विस्फारलेले, तोंडात नळी नाही. त्याने ताईंच्या तोंडातली नळी हिसकून घेतली आणि त्या झटापटीत त्याच्या कोपराने ताईंचा मास्क चेहऱ्यावरून उडून मानेशी आला.

आता ताईंना दिसत नव्हतं आणि तोंडाशी हवा नव्हती.

"घाबरलात?" मी विचारलं होतं.

"त्यासाठी वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "हात आधीच कामाला लागले होते."

उजव्या हाताने छातीवर अडकवलेली जादा नळी ओढली, तोंडात घातली, फुंकून पाणी घालवलं, श्वास घेतला. डाव्या हाताने त्या तरुणाच्या जाकिटाचा पट्टा पकडून ठेवला, कारण त्याला सोडलं असतं तर तो बाणासारखा वर गेला असता. मानेशी लोंबणारा मास्क चाचपून वर घेतला, चढवला, नाकाने फुंकला. पाणी खाली उतरलं आणि समोर त्याचा चेहरा दिसला. ताईंनी त्याच्या डोळ्यांत बघत स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि खूण केली, हळू. आत, बाहेर. हळूहळू त्याचा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर चालू लागला. ताईंच्या एका विद्यार्थ्याने बाकीच्यांना शिकवल्याप्रमाणे जवळ गोळा केलं आणि सगळे मिळून सावकाश वर निघाले. पृष्ठभाग हाताच्या अंतरावर दिसायला लागल्यावर त्या तरुणाने पुन्हा उसळी घ्यायचा प्रयत्न केला, ताईंनी त्याला तिथंच धरून ठेवलं. बाहेर येण्याआधी पाण्यातच थोडं थांबावं लागतं तेवढं थांबून, श्वास सोडत सोडत त्यांनी त्याला वर आणलं.

होडीत तो ब्लँकेट गुंडाळून बसला. श्रीनिवास त्याचं नाव, हिंजवडीत नोकरी. दात वाजत होते तरी बोलत होता. "मॅम, आय स्वेअर, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. गेल्याच महिन्यात केलंय. वीकेंड कोर्स."

"काटा बघितला होता का हवेचा?"

"एकदा... उतरताना बघितला होता, आय थिंक."

ताई त्याला बोलल्या नाहीत. पिशवीतून थर्मास काढून चहा दिला. पुण्याला आल्यावर तो तलावावर हजर झाला आणि म्हणाला, कार्ड तर आहेच, पुढच्या पायरीपासून शिकवाल का. ताईंनी त्याला पहिल्या आठवड्याच्या लोकांबरोबर पाण्यावर तरंगायला पाठवलं. तो गेला. हे मला त्याचं विशेष वाटतं.

खांबेटे सरांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी तलाव ताईंच्या हवाली केला. तोवर ताई रीतसर प्रशिक्षक झाल्या होत्या. पुढे लवकरच सहली काढणारे गोपाळकृष्ण नावाचे एक व्यावसायिक त्यांच्याकडे आले. बोलायला अतिशय गोड. दर शनिवारी वीस माणसं आणतो म्हणाले, तलावात एक सकाळ, रविवारी समुद्र, फोटो आणि कार्ड.

"वीस माणसांमागे शिकवणारे किती?"

"आपण आहातच की."

"आणि पाण्याखाली दोघं एकदम घाबरले तर मी कुणाचा हात सोडू, तेही तुम्ही आत्ताच सांगून ठेवा."

गोपाळकृष्ण हसले. म्हणाले, "ताई, आपण फार टोकाचा विचार करता."

"हो. करते," असं म्हणून ताईंनी त्यांना दारापर्यंत पोहोचवलं. ताईंच्या वर्गात आजही एका वेळी चारच माणसं असतात. नोकरी सोडून यावर घर चालेल असा दिवस आलेला नाही, येईल असं वाटतही नाही. त्या तक्रार करत नाहीत. एक्स-रेची खोली त्यांना आवडते.

सगळ्यांत कठीण प्रसंग मात्र घरातला होता. अर्शिया एकोणीस वर्षांची झाली, इंजिनिअरिंगला गेली. पाण्यात ती आईपेक्षा कितीतरी सहज. मास्क काढणं, हवा देणं, तरंगणं, सगळं हसत हसत. मैत्रिणींबरोबर डिसेंबरात अंदमानला जायचं ठरलं होतं, तिकिटं काढून झाली होती, फक्त कार्ड हातात यायचं होतं. शेवटच्या चाचणीच्या सकाळी ताईंनी सर्वांच्या नकळत अर्शियाच्या जोडीदाराच्या टाकीचा पट्टा सैल करून ठेवला. उतरण्याआधी जोडीदाराचं सामान हात लावून तपासायचं असतं. अर्शियाने लांबूनच नजर टाकली आणि बोटांचा गोल करून खूण केली, सगळं ठीक.

ताईंनी दोघांना पाण्याबाहेर काढलं. "आज नाही. जानेवारीत बघू."

"अम्मी! एका पट्ट्यासाठी?"

"टाकी त्याच्या पाठीवर होती, म्हणून तुला एका पट्ट्यासाठी वाटतंय."

घरात वातावरण तापलं. आजी म्हणाली, परक्यांना पास करतेस आणि पोटच्या पोरीला नापास? नियाजभाईंचाही धीर सुटला. रात्रीची जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "तिला सगळं येतं, मी पाहिलंय. चुकली एकदा. कर सही."

ताई भांडी आवरत होत्या, हात थांबवून वळल्या. "तिथं तिच्या जोडीला जो कोणी उतरेल, तो माझी सही बघून तिच्यावर विश्वास ठेवेल. तो कुणाचा तरी नवरा असेल."



अर्शिया आईशी एक शब्द न बोलता अंदमानला गेली. मैत्रिणी पाण्याखाली गेल्या तेव्हा ही वरून, साधा मास्क लावून तरंगत राहिली. तिथं तिला बिनकार्डाचं खाली न्यायला लोक तयार होते, मैत्रिणींनी आग्रहही केला होता. ती गेली नाही. हे तिने घरी सांगितलं नाही, मैत्रिणीच्या आईकडून कळलं. ताईंनीही त्याबद्दल तिला काही विचारलं नाही.

जानेवारीच्या गारठ्यात अर्शिया तलावावर आली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. या वेळी ती जोडीदाराभोवती फिरली. पट्टा ओढून पाहिला, झडप फिरवून पाहिली, नळीतून श्वास घेऊन पाहिला, काटा वाचला. ताईंनी ठेवलेली खोट तिला सापडली. तिने ती दुरुस्त केली. मग ती आईकडे वळली आणि तिथंच थांबली.

"अम्मी, तुझी जादा नळी जाकिटाच्या आत अडकलीय. ओढली तर येणार नाही."

ताईंनी खाली पाहिलं. खरंच अडकली होती. ही खोट त्यांनी ठेवलेली नव्हती. त्या दिवशी सकाळी रुग्णालयातून फोन आला होता आणि त्या घाईत सामान चढवलं होतं.

बाकीचे विद्यार्थी बघत होते. परवीनताईंनी दोन्ही हात बाजूला केले आणि उभ्या राहिल्या. अर्शियाने पट्टा सोडला, नळी मोकळी केली, पुन्हा जागेवर अडकवली आणि एकदा ओढून पाहिली. मग आईच्या बाकीच्या सामानावरूनही हात फिरवत गेली, खांद्यापासून कमरेपर्यंत, काही न गाळता. ताई हलल्या नाहीत.

"झालं," अर्शिया म्हणाली. "आता उतर."